सोलापूरहून सायकल: दोन नद्यांमधली सपाटी आणि तुळजापूरकडची चढण

कडक_भाकरी (रविवार, रात्री ९:१०)

दिवाळीत पुण्याहून मेव्हणे आले ते गाडीच्या टपावर सायकल बांधूनच. "तुमच्याकडं काय हो, सगळं सपाट, घाट ना बीट," म्हणत सकाळी सातला विजापूर रोडला लागले. मी मागे. वडकबाळच्या पुलापर्यंत बत्तीसचा वेग आणि तोंडात शीळ. टाकळीला भीमा बघितली, भजी खाल्ली, माघारी फिरलो आणि शीळ बंद. जाताना पाठीवर होता तो वारा आता छातीवर. मंद्रूपला वेग सोळावर आला होता. वडकबाळला साहेब टमटमवाल्याशी भाडं ठरवत उभे.

तेव्हापासून डोक्यात आहे की आपल्या भागातल्या सायकल रस्त्यांचं एका जागी नीट लिहावं. नवीन माणूस नकाशा बघतो, "सपाट आहे" म्हणतो आणि फसतो.

आधी भूगोल. सीना वरून, अहिल्यानगरच्या बाजूनं येते आणि शहराला पश्चिमेकडून वळसा घालून खाली उतरते. पुणे रोडनं निघालात तर ती लांबोटीला आडवी येते, मंगळवेढा रोडनं तिऱ्ह्याला, विजापूर रोडनं वडकबाळला. त्या अंगाला कुठंही जा, सीना ओलांडल्याशिवाय सुटका नाही. तिच्या पलीकडं भीमा. दोघींच्या मधला पट्टा म्हणजे काळी जमीन, ऊस आणि ज्वारी, पोळपाटासारखी सपाट. शेवटी हत्तरसंग कुडलला दोघी एक होतात.

दुसरी बाजू उत्तर-पूर्वेची. हिप्परग्याचा तलाव मागं पडला की जमीन गुपचूप चढायला लागते. आपलं शहर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास, तुळजापूर साडेसहाशेच्या. पंचेचाळीस किमीत दोनशे मीटर, त्यातला मोठा वाटा शेवटच्या घाटात. हे बालाघाटाचं टोक. सह्याद्री बघितलेल्यांना त्याला डोंगर म्हणायचं जिवावर येईल. न म्हणा, पण पाय मोजतातच.

माझे नेहमीचे रस्ते असे. मंगळवेढा रोडनं बेगमपूरचा भीमेचा पूल आणि तिथून माचणूर. सिद्धेश्वराचं देऊळ अगदी नदीला लागून, घाटावर पाय सोडून बसावं. शेजारी किल्ला आहे, इथं औरंगजेबाचा तळ होता. जाऊन-येऊन ऐंशीच्या आसपास. रस्ता चौपदरी, कडेला भरपूर जागा, ट्रकवाले शहाणे. सुरुवात करणाऱ्यानं इथूनच करावी.

दुसरा कुडलचा. त्याबद्दल इथल्या दोघा-तिघांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, त्यांनीच लिहावं.

तिसरा तुळजापूर. सरळ हायवेनं गेलं की तामलवाडी आणि पुढं घाट. ज्याला मोठा फेरा हवा त्यानं तुळजापूरहून नळदुर्गला उतरावं आणि हैदराबाद रोडनं परत यावं, सव्वाशेच्या आसपास होतं.

चौथा बार्शी रोडनं नान्नज. अंतर किरकोळ, पण पहाटे गेलात तर अभयारण्याच्या कडेला काळवीट दिसतातच. माळढोक दिसला तर आधी चिमटा काढून बघा. डांबर सोडून गवतात सायकल घालू नका, तिथं परवानगी लागते.

आता तुम्ही बोला.

सीनाकाठ (रविवार, रात्री ९:४८)

आमच्या गावावरनं जाता आन् आम्हालाच रस्ता सांगता व्हय मालक. भजी खाल्ली तर एक फोन करायचा की.

मोठ्या रस्त्याचं तुम्ही सांगितलं ते बराबर. पण खरी मजा आतल्या रस्त्याला हाय आन् खरा ताप पण तिथंच. काळी माती म्हणजे काय ते शहरातल्या माणसाला कळत नाही. पाणी लागलं की फुगते, ऊन लागलं की आक्रसते. शेताला भेगा पडतात तशाच वरच्या डांबराला पडतात. आन् भेग आडवी नाही पडत, रस्त्याच्या लांबीत पडते, कडेकडेनं. पंचवीस मिमी रुंदीचं टायर त्यात बसलं की हँडल आपलं राहत नाही, भेग नेईल तिकडं जायाचं. आतल्या रस्त्याला बत्तीसचं टायर घाला, हवा जरा कमी ठेवा, आन् कडेला न जाता चाकोरीतनं चला.

दुसरं, आता गाळप चालू हाय. ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, वर ऊस डोक्याच्या वर, मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर, आन् डायव्हर पोरगं मोठ्यानं गाणी लावून. त्याला तुमची घंटी ऐकू येत नाही. दुसरी ट्रॉली वळणावर आत कापते, पहिलीच्या चाकोरीतनं जात नाही. म्हणून ट्रॉलीला वळणावर कधीच ओलांडायचं नाही. पडलेला ऊस दिसला तर त्याच्यावरनं चाक घालू नका. वरनं वाळल्यागत दिसतो, खाली चिपाड झालेलं असतं, साबणागत सटकतं.

सिंहगड_रोज (रविवार, रात्री १०:२०)

धागा छान. पण मनापासून विचारतो, रागावू नका. दोनशे मीटर चढायला पंचेचाळीस किमी लागत असतील तर पाय तयार कसे होतात? मी जन्मानं सोलापूरचा, कॉलेजपासून पुण्यात. आठवणीत फक्त सरळ रस्ता, बाभळी आणि ऊन आहे. मेव्हण्यांची मला थोडी कीव येते आहे.

उलटा_वारा (सोमवार, सकाळी ६:३०)

सिंहगड_रोज, उत्तर देतो, पण थोडं गणित चालवून घ्या.

सपाटीला सायकलवाल्याची बहुतेक ताकद हवा कापण्यात जाते. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गानं वाढतो, आणि हा वेग म्हणजे हवेच्या तुलनेतला. वारा पडलेला असताना तुम्ही वीसनं चाललात तर अंगावर वीसची हवा. समोरून वीसचा वारा असेल तर अंगावर चाळीसची, म्हणजे अडथळा चौपट. स्पीडोमीटर मात्र तेच वीस दाखवतो, त्यामुळे कौतुक कुणी करत नाही. घाटात निदान माथा असतो. चढ संपला की उतार मिळतो, चहा मिळतो. वाऱ्याला माथा नाही. कामतीपासून सोलापूरपर्यंत एकाच गिअरमध्ये, एकाच वाकलेल्या पाठीनं यायचं. झाडाची सावली नाही, वळण नाही, आणि समोर दिसणारी पाण्याची टाकी जवळ येत नाही. पाय कसे तयार होतात विचारलंत, तर असे.

आता कामाचं. आपल्याकडे रस्ता निवडताना महिना आधी बघायचा.

जून ते सप्टेंबर वारा पश्चिमेचा, नैर्ऋत्येचा, आणि जोरदार. तेव्हा आधी पश्चिमेला जा. माचणूर, मोहोळ, लांबोटी. जाताना ताजे पाय वाऱ्याशी भांडतात, येताना वारा घरी आणून सोडतो. पावसाळ्यात तुळजापूरला वाऱ्यावर बसून भुर्रकन गेलात तर परतीला मेव्हणे होणार.

दिवाळीनंतर वारा फिरतो, पूर्वेकडून-ईशान्येकडून येतो. तेव्हा तुळजापूर आणि नळदुर्ग. आता डिसेंबर आहे, म्हणजे हाच हंगाम. नळदुर्गहून परतताना पश्चिमेला तोंड आणि पाठीवर वारा, शेवटचे चाळीस किमी फुकटात.

तिसरी गोष्ट घड्याळाची. रात्री जमिनीलगतची हवा थंड होऊन बसून राहते, वरचा वारा खाली उतरत नाही. ऊन तापलं की हवा ढवळते आणि तो वारा खाली येतो. म्हणून पहाटे साडेपाचला पान हलत नाही आणि दहाला टोपी उडते. कुडलसारख्या दक्षिणेच्या रस्त्याला हिवाळ्यात दोन्हीकडून थोडा थोडा त्रास असतो, तिथं एकच उपाय, दहाच्या आत घर.

तुळजापूरच्या माळावर पवनचक्क्या आहेत. कंपन्यांनी वारा कुठं आहे ते आधीच शोधून ठेवलंय. त्यांचं तोंड कुठं आहे ते बघायचं आणि आपलं ठरवायचं.

मालदांडी (सोमवार, दुपारी २:०५)

मी शाळेत शिकवते, त्यामुळे रविवार आणि मोठी सुट्टी एवढंच हातात. कुडलला पाच वेळा गेले आहे. तेव्हा कडक_भाकरी दादांनी सोडलेला तुकडा मी उचलते.

सोलापूरहून विजापूर रोडनं वडकबाळ, मंद्रूप, आणि टाकळीच्या अलीकडे डावीकडे बरूरच्या रस्त्याला वळायचं. एकूण चाळीसच्या आसपास. हायवे सोडला की आवाज एकदम बंद होतो. दोन्ही बाजूंना ज्वारी, मध्ये एखादी विहीर, आणि बांधावर माणसं कानडीत बोलत असतात. कुडल हा शब्दच कानडी आहे, अर्थ संगम. म्हणजे आपण ज्याला "कुडल संगम" म्हणतो ते संगम संगमच झालं.

तिथं दोन देवळं. हरिहरेश्वराचं देऊळ कित्येक शतकं मातीखाली दडलेलं होतं. तिथलं शिवलिंग बघाच. एका मोठ्या लिंगावर ३५९ मुखं कोरलेली आहेत, ओळीनं, एकाखाली एक. मी एकदा मोजायला बसले आणि सत्तरीत कुठंतरी चुकले. संगमेश्वराच्या देवळातल्या तुळईवर शके ९४० चा, म्हणजे इ.स. १०१८ चा शिलालेख आहे. आपल्या सोलापूरच्याच आनंद कुंभार यांनी तो उजेडात आणला. त्यातली मराठी ओळ म्हणजे "वाछि तो विजेया होइवा", जो वाचील तो विजयी होईल. जुन्यात जुन्या मराठी लेखांत त्याची गणना होते. पहिला कोणता, यावर अभ्यासकांचे वाद आहेत, त्यात मी पडत नाही. पण हजार वर्षांपूर्वी कुणीतरी दगडावर लिहिताना वाचणाऱ्याचा विचार केला, याचं मला दर वेळी अप्रूप वाटतं.

आता माझ्या फजितीचं. दोन वर्षांपूर्वी अवकाळी पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्याच दिवशी गेले. बरूरच्या पुढं रस्त्याचं काम चालू होतं, म्हणून शेजारच्या गाडीवाटेनं पन्नास मीटर जायचं ठरवलं. वीस मीटरवर चाक थांबलं. पुढच्या चाकाला माती चिकटत चिकटत फोर्कमध्ये गच्च बसली होती, ब्रेक दिसेना. उचलून घ्यावं तर सायकल दुप्पट जड. बुटांना तळव्याएवढे थर, उंची चार बोटं वाढलेली. मी काडीनं टोकरत बसले. शेतातून एक आजी आल्या, माझ्याकडं बघितलं, काही बोलल्या नाहीत. खुरपं घेतलं, डाव्या हातानं चाक उलटं फिरवत उजव्या हातानं फोर्क आणि टायरच्या फटीत खुरप्याचं टोक धरलं. मातीची अखंड सालपटं निघाली, भोपळ्याची साल निघते तशी. माझी पाऊण तासाची मेहनत त्यांनी तीन-चार मिनिटांत उरकली. मग विचारलं, "उपाशी हाईस का?" पदरातून कडक भाकरी आणि शेंगाचटणी. मी पैसे काढले तर हसल्या आणि कानडीत काहीतरी म्हणाल्या. ते मला अजून कळलेलं नाही.

बायकांसाठी एक सांगते, कारण पुरुष मंडळी हे कधी लिहीत नाहीत. हायवेला पेट्रोलपंप हाच आधार, मंद्रूपच्या पुढं आत वळलात की काही नाही. वळायच्या आधीच उरकून घ्या. पाणी कमी प्यायचं हा उपाय मी करून बघितलाय. परत येताना डोकं असं धरलं की दोन दिवस शाळा चुकली. तसं करू नका.

जुनी_हर्क्युलस (सोमवार, संध्याकाळी ७:१५)

माझं वय अडुसष्ट. तुमच्या बत्तिसाच्या टायरचं मला काही कळत नाही. आमच्या वेळी तासाच्या भाड्यानं सायकल मिळायची, दुकानदार ओळखीचा असला तर दिवसभराची. काळी, बावीस इंची, मागं कॅरिअर, गिअर एकच, ब्रेक नावापुरते.

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मी आणि माझा धाकटा भाऊ तुळजापूरला गेलो. तो कॅरिअरवर. पहाटे चारला निघालो, हिप्परग्याला उजाडलं. तामलवाडीपर्यंत मी चालवली, मग त्यानं. घाटाच्या पायथ्याला दोघंही उतरलो आणि सायकल ढकलत नेली. देवीचं दर्शन घेतलं, आणि येताना घाटात ब्रेकची गुटकी झिजून गेली. भाऊ मागं चप्पल घासत, मी पुढच्या टायरला बूट लावत उतरलो. घरी आल्यावर वडिलांनी चपलेकडं बघितलं आणि दोन दिल्या. दर्शन झालं का विचारलंसुद्धा नाही.

एक मात्र लक्षात ठेवा. कोजागरीच्या सुमाराला त्या रस्त्याला सायकल काढू नका. लाखो माणसं चालत जातात, अनवाणी. गाड्या दुसरीकडून वळवतात. त्या रात्री तो रस्ता चालणाऱ्यांचा. मी पस्तीस वर्षं चालत गेलो, आता गुडघे नाही म्हणतात.

पूर्वभाग (सोमवार, रात्री ११:०२)

काकांची चप्पल वाचून बायकोला उठवून सांगितलं. तीही हसली.

थोडं वेगळं लिहितो, पण पाणी आपलंच आहे. आम्ही साखर पेठेतले, घरात तेलुगू. सासुरवाडी विजयवाड्याची. भीमा आपल्याला टाकळीला दिसते ती पुढं रायचूरच्या वर कृष्णेला मिळते, आणि कृष्णा विजयवाड्याच्या खाली त्रिभुज प्रदेश करून समुद्रात जाते. गेल्या संक्रांतीला सायकल रेल्वेनं नेली आणि ते शेवटचं टोक बघून आलो.

प्रकाशम बॅरेजपासून सुरुवात. १९५७ पासूनचा हा बांध, त्याआधी इंग्रजांचा जुना बंधारा होता. इथून दोन्ही अंगांना कालवे फुटतात आणि सगळा भातपट्टा त्यावर. नदीच्या काठानं पूर थोपवायला मातीचा उंच बंधारा घातलाय, त्याच्या डोक्यावरून रस्ता. तिकडं त्याला करकट्टा म्हणतात. एका हाताला नदी, दुसऱ्या हाताला दहा-बारा फूट खाली भात, केळी, ऊस. सपाट म्हणजे किती सपाट? आपला दुआब त्याच्यापुढं डोंगराळ वाटेल. आपल्याकडं निदान ओढ्याला उतार आणि पलीकडं चढ असतो. तिथं दिवसभरात गिअर बदलल्याचं आठवत नाही.

पुलिगड्ड्याजवळ नदी फुटते, मधल्या बेटाला दिवी सीमा म्हणतात. १९७७ च्या नोव्हेंबरात चक्रीवादळाची लाट याच भागात शिरली होती आणि हजारो माणसं गेली. चहाच्या टपरीवरच्या म्हाताऱ्यानं हातानं दाखवलं, पाणी कुठवर होतं ते. हात डोक्याच्या वर गेला. मी परत विचारलं नाही.

शेवट हंसलदीवीला. तिथं कृष्णा संपते. मी पाण्यात पाय घालून उभा राहिलो आणि मनात आलं, यातलं थोडं उजनीतून सुटून औजच्या बंधाऱ्यात आलेलं असणार. आपल्या नळाला यायचं चुकून पुढं गेलं, एवढंच.

तिकडचे त्रास वेगळे. काटे नाहीत, पण दुपारी समुद्राचा वारा समोरून आणि घाम वाळतच नाही. चेन तीन दिवसांत तांबूस. काढणी झालेली असली की रस्त्यावर भात वाळत घालतात, अर्धा रस्ता सोनेरी. त्यावरून चाक घालायचं नाही, शिव्या तेलुगूतल्या पडतात आणि मला त्या सगळ्या कळतात. टेकडी हवी असेल तर विजयवाड्याच्या जवळ कोंडापल्ली. लाकडी खेळण्यांचं गाव ते, वर किल्ला. चढ छोटा, तुळजापूरच्या घाटाचा धाकटा भाऊ म्हणा. चार दिवस सपाटीवर काढल्यावर तोसुद्धा गोड लागला.

कडक_भाकरी (मंगळवार, सकाळी ८:४०)

पूर्वभाग, नळाचं मात्र खरं बोललात. आमच्या हद्दवाढीत पाण्याविना आज चौथा दिवस.

काट्यांवरून आठवलं, ते कुणी लिहिलंच नाही. आपल्या रस्त्यांचा खरा राजा वेडी बाभूळ. कडेची झुडपं तोडून रस्त्याच्या कडेलाच टाकतात, आणि मग त्या महिन्यात प्रत्येक फेरीला पंक्चर. खाली सराटे, ते तर टायरला टाचणीसारखे बसतात. बाभळीचा काटा लांब, टायर-ट्यूब पार करून रिमच्या पट्टीपर्यंत जातो. काटा दिसला तर लगेच उपटू नका. बऱ्याचदा तोच हवा धरून असतो, घर गाठता येतं. मी ट्यूबलेस करून आत पंक्चर बुजवणारा द्रव भरला, तेव्हापासून सुखी. पण उन्हाळ्यात आपल्याकडं तो द्रव लवकर वाळतो, दोन-तीन महिन्यांनी बघत जा. ट्यूबवाल्यांनी दोन ट्यूब, पट्टे आणि पंप. जुन्या ट्यूबचा तुकडा टायरच्या आत ठेवायला घ्या, फाटलं तर कामाला येतो.

पाण्याचं गणित साधं. मार्चनंतर तासाला पाऊण लिटर धरा. लिटरभर पाण्यात सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, वर लिंबू. त्यापुढं कुठली पावडर लागत नाही. एप्रिल-मे मध्ये पारा बेचाळीसच्या पुढं जातो, तेव्हा साडेपाचला निघून साडेआठला परत, मोठी फेरी नाहीच. खायला शेंगाची पोळी. खिशात चुरा होतो, पण दोन दिवस टिकते.

नळदुर्गच्या फेऱ्याबद्दल दोन ओळी. तुळजापूरहून नळदुर्गपर्यंतचा पस्तीसेक किमीचा तुकडा माझा सगळ्यात आवडता. मोठा चढ एकही नाही, पण रस्ता सतत खालीवर, लाटांसारखा. एका उताराच्या जोरावर पुढचा चढ अर्धा निघतो, उरलेल्या अर्ध्यात जीव जातो. माळ उघडा, माती लालसर-मुरमाड, काळ्या रानातून आलेल्या माणसाला वेगळ्या मुलखात आल्यासारखं वाटतं. नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीवर बांध घालून पाणीमहाल केलाय, १६१३ चा, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या वेळचा. पावसाळ्यात बांधावरून पाणी कोसळतं आणि आतल्या सज्जात माणूस कोरडा उभा. ते नर-मादी धबधबे बघायचे तर पावसाळा, आणि उलटा_वारा म्हणतात त्याप्रमाणे पावसाळ्यात परतीचा वारा तोंडावर. मी एकदाच केलं तसं. परत येताना अणदूरला खंडोबाच्या देवळात टेकलो तो दीड तास उठलोच नाही. अणदूर आणि नळदुर्ग दोन्हीकडं खंडोबाचं देऊळ, मूर्ती मात्र एकच, वर्षातले काही महिने इथं, काही तिथं. देवाला परतीचा वारा लागत नसावा.

सीनाकाठ (मंगळवार, रात्री ९:२०)

एक महत्त्वाचं राहिलं. बंधाऱ्यावरनं जाण्याचं.

सीनेवर जागोजाग कोल्हापुरी बंधारे हायत. पावसाळ्यात बरगे म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या काढतात, पाऊस संपला की घालतात, पाणी अडतं. वरनं अरुंद वाट असते, मोटरसायकली जातात. सायकलवाल्याला लई मोह होतो, कारण दहा-बारा किमीचा वळसा वाचतो. मी पण आयुष्यभर गेलो. पण सप्टेंबर २०२५ ला सीनेला आला तसला पूर आम्ही कधी बघितला नव्हता. वडकबाळला हायवे बंद, लांबोटीला पुणे रोड बंद, आमच्या वस्तीत पाणी. ऊस झोपला, कडबा गेला, दोन शेळ्या गेल्या. आता पाणी ओसरलं, वरनं सगळं जागेवर दिसतं. पण बंधाऱ्याच्या दोन्ही टोकाला भराव असतो, तोच खालनं धुऊन गेलेला हाय कितीतरी ठिकाणी.

मागल्या महिन्यात मी सायकल घेऊनच चाललो होतो, खताचं बघायला. बंधारा ओलांडला, काठाला चाक टेकलं आन् भरावाचा कडाच खाली बसला. मी कंबरेएवढ्या गाळात. सायकल वर, हँडलला पिशवी तशीच. गाळ वरनं वाळून पापडी झालेला, आत लोणी. दोन पोरांनी दोरी टाकून वढलं. एक बूट अजून तिथंच हाय. पुढल्या पुरात तुमच्या कृष्णेच्या बेटाला लागला तर कळवा, पूर्वभाग.

म्हणून सांगतो, यंदा बंधारे नकोत. पुलावरनंच जा. आन् नदीकडच्या आतल्या रस्त्यावर कुठंकुठं गाळाचा पातळ थर हाय. कोरडा असताना धूळ, दव पडलं की घसरगुंडी. पहाटे जाणाऱ्यांनी नऊपर्यंत त्या तुकड्यात ब्रेक जपून मारायचा.

पूर्वभाग (मंगळवार, रात्री ९:५५)

दादा, बुटाचा नंबर सांगून ठेवा. सासऱ्यांना लक्ष ठेवायला सांगतो.

शेळ्यांचं वाचून वाईट वाटलं. काही लागलं तर निरोप द्या, मी गंमत करत नाही.

सिंहगड_रोज (बुधवार, सकाळी ७:५०)

मी पहिल्या दिवशी जे लिहिलं ते मागं घेत नाही, पण थोडं पुसट करतो. नाताळला आईकडे येतोय, सायकल घेऊन. २८ ला रविवार आहे. कुडल करू या? शिलालेख मला बघायचाच आहे. सोलापुरात सतरा वर्षं वाढलो आणि कधी ऐकलं नव्हतं.

टायर अठ्ठावीसचे आहेत, बत्तीस बसत नाहीत. चालेल का?

कडक_भाकरी (बुधवार, सकाळी ८:१०)

चालेल. हवा जरा कमी ठेवा. साडेपाचला सात रस्ता, उशीर केला तर थांबणार नाही. वारा पण थांबत नाही.

सीनाकाठ (बुधवार, दुपारी १:३०)

येताना आमच्याकडं थांबायचं, हा हुकूम हाय. यंदा पेरा उशिरा झाला, हुरडा अजून धरला नाही. पण भाकरी, पिठलं, ठेचा मिळंल. मालदांडी ताई, तुम्ही पण या, घरात मंडळी हायत.

मालदांडी (रविवार, रात्री ८:४५)

आम्ही पाचजण गेलो होतो. थंडी बरीच, वडकबाळच्या पुलावर धुकं, सीनेचं पाणी दिसत नव्हतं, फक्त पंपाचा आवाज. बरूरच्या रस्त्याला गाळाच्या तुकड्यात सगळे शहाण्यासारखे उतरून चालले. कुडलला साडेआठ. शिवलिंगाची मुखं या वेळी एकशे बारापर्यंत मोजली, मग कुणीतरी चहा आणला.

त्या आजींचं शेत दाखवलं सगळ्यांना. बांधावर कुणी नव्हतं. पुढच्या वेळी पूर्वभाग दादांना बरोबर न्यायचंय, त्यांना थोडी कानडी येते म्हणतात.

सिंहगड_रोज (रविवार, रात्री ९:३०)

शिलालेख वाचला. म्हणजे ताईंनी बोट ठेवून दाखवला तसा वाचला. विजयी व्हायला हवं होतं.

पिठलं-भाकरी खाऊन सीनाकाठ यांच्याकडून निघायला साडेअकरा वाजले, ही चूक माझी, मी तिसरी भाकरी मागितली. मंद्रूपच्या बाहेर आलो आणि समोरून, नाही, समोरून आणि उजवीकडून, काय म्हणायचं ते म्हणा. बारा किमी काढले. मग मागच्या चाकात दोन काटे एकदम, एक सराटा आणि एक बाभळीचा. बाभळीचा मी उपटला. उपटायचा नसतो हे वाचलं होतं.

टमटममध्ये सायकल आडवी नीट बसते, पुढचं चाक काढावं लागत नाही. भाडं मेव्हण्यांपेक्षा वीस रुपये कमी पडलं.